शनिवारी ब्रुअरीत, रविवारी गायनवृंदात



आमच्या पॅरिश कौन्सिलपुढे दोन ओळींचा एक ठराव आला आहे. जेथे मद्यविक्री होते अशा ठिकाणी जाहीर गायन-वादन करणाऱ्यांना मिस्साच्या गायनवृंदात घेऊ नये, आणि आधीपासून असतील तर त्यांना वगळावे. खाली अकरा सह्या आहेत. ठरावात कोणाचे नाव नाही, पण बेळगावसारख्या गावात नाव लिहायची गरजही नसते. गायनवृंदातली चार मुले (तीन मुलगे आणि रविवारी प्रतिसाद स्तोत्र गाणारी मुलगी) महिन्यातून दोनदा शनिवारी चोर्ला घाट उतरून गोव्याला जातात आणि बार्देशातल्या एका क्राफ्ट ब्रुअरीत स्थानिक कलाकारांच्या कार्यक्रमात वाजवतात. त्यांच्यासाठीच हा ठराव आहे.

आम्ही या ठरावाच्या विरोधात आहोत. हे फादरांना तोंडावर सांगून झाले आहे, सही करणाऱ्यांपैकी सात जणांनाही सांगून झाले आहे, तेव्हा हे पाठीमागचे बोलणे समजू नये. लिहितो एवढ्यासाठी की मिस्सानंतर गेटपाशी पाच मिनिटांत जे बोलणे होते त्यात कोणाचे काहीच ऐकून घेतले जात नाही.

आधी ती जागा. सह्या करणाऱ्यांपैकी काहींच्या मनातले ब्रुअरीचे चित्र जुन्या हिंदी सिनेमातल्या अड्ड्यावरून आलेले दिसते. आम्ही एका शनिवारी मुद्दाम जाऊन पाहून आलो. काचेच्या भिंतीमागे स्टीलच्या उंच टाक्या आहेत. त्यांत जवाचे किंवा गव्हाचे माल्ट, हॉप्स, यीस्ट आणि पाणी एवढ्यावर बिअर आंबते. बाहेर अंगणात लाकडी टेबले आहेत, घरची लहान मुलेही बसलेली असतात, बटाट्याचे तळलेले काप आणि कोळंबी खात लोक गप्पा मारतात. एका कोपऱ्यात वीतभर उंचीचा मंच आहे. साडेसातला गाणे सुरू होते आणि दहाला बंद होते, कारण उघड्यावर रात्री दहानंतर ध्वनिक्षेपक चालत नाही, आणि गोव्यात शेजारी लगेच पोलिसांना फोन करतात. कोणी पडलेला दिसला नाही, कोणी ओरडत नव्हते. एका टेबलावर एक माणूस फार मोठ्याने हसत होता, पण तसे हसणारे आमच्या हॉलमधल्या हाउझीतही असतात.

गेटवर एका काकांनी विचारलेच, "मास्तर, तुम्हीही घेतली की नाही?" घेतली. गव्हाच्या बिअरचा एक ग्लास. तिला केळ्याचा आणि लवंगेचा वास येतो. तो वास त्यांच्या यीस्टचा असतो, केळे किंवा लवंग त्यात घातलेली नसते. आम्हाला फारशी आवडली नाही.

आता गाण्याविषयी, कारण ठरावात गाण्याविषयी एक शब्दही नाही. चौघांनी त्या रात्री दोन जुनी हिंदी गाणी, तीन इंग्रजी, एक मराठी भावगीत आणि शेवटी एक मांडो म्हटला. टेबलांवरच्या बहुतेकांनी बोलणे थांबवले नाही. पुढची तीन-चार टेबले ऐकत होती, बाकीच्यांना गाणे म्हणजे पंख्यासारखे मागे चालू असलेले काहीतरी होते. पण मांडोत त्या मुलीने वरचा आवाज धरला आणि कीबोर्डवाल्या मुलाने खाली तिसऱ्या स्वरावरून दुसरा आवाज लावला, तेव्हा आम्ही ओळखले की हा दुसरा आवाज कुठला आहे. प्रायश्चित्तकाळात क्रूसाच्या वाटेच्या भक्तीला आपण दर शुक्रवारी जी गीते म्हणतो, तिथे दुसरा आवाज असाच लागतो. तो त्या मुलाला आमच्याच चर्चच्या माडीवर, अकराव्या वर्षी, एका म्हाताऱ्या सिस्टरने हातावर पट्टी मारून शिकवला होता. ब्रुअरीने त्याला काही शिकवलेले नाही. जे तो तिथे घेऊन गेला ते इथले आहे.

ही गोष्ट नवीनही नाही. पोर्तुगीज काळात गोव्यात चर्चला लागून पॅरिशच्या शाळा असत आणि त्यात मुलांना अक्षरांबरोबर स्वरलेखन, गायन, व्हायोलिन शिकवत. मिस्साला गाणारे आणि वाजवणारे तयार व्हावेत हा हेतू होता. ते तयार झाले, आणि मग पोटासाठी मुंबईच्या हॉटेलांत, क्लबांत, पुढे सिनेमाच्या स्टुडिओत गेले. हळदोण्याचे आंतोनियो झेवियर वाझ, ज्यांना जग चिक चॉकलेट म्हणून ओळखते, ते ताजमहाल हॉटेलात ट्रंपेट वाजवत आणि आपल्या सी. रामचंद्रांच्या १९५१ च्या 'अलबेला'तही त्यांचा हात होता. शंकर-जयकिशन यांच्या गाण्यांची वाद्यरचना करणारे सेबास्टियन डिसोझा फाळणीआधी लाहोरच्या हॉटेलात बँड वाजवत होते. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस तर चर्चच्या गायनवृंदाच्या शिक्षकाचेच पुत्र. प्यारेलाल आणि राहुलदेव बर्मन त्यांचे शिष्य. १९७७ च्या 'अमर अकबर अँथनी'त त्यांचे नाव गाण्यात आले ते प्यारेलालने गुरूला केलेले वंदन होते. हे लोक रात्री जिथे वाजवत तिथे पाणी विकत नव्हते. आज आपण त्यांची नावे अभिमानाने सांगतो, फेस्ताच्या भाषणात पाहुणे सांगतात, आपण टाळ्या वाजवतो. आमचा ठराव त्या काळी गोव्यातल्या एखाद्या पॅरिशने केला असता तर त्यांतल्या किती जणांना सुटीवर गावी आल्यावर माडीवर चढू दिले असते?

कोणी म्हणेल, ते गोव्याचे, आपण बेळगावकर. ठीक. मग थोडे लांबचे पाहा. योहान सेबास्टियन बाख १७२३ पासून लाइपझिगच्या संत थोमस चर्चचा संगीतप्रमुख होता. रविवारी त्याची कांताता चर्चमध्ये होई. १७२९ पासून तोच बाख झिमरमन नावाच्या माणसाच्या कॉफीहाउसात विद्यार्थ्यांचा वाद्यवृंद चालवीत होता. लोक पेयांचे पैसे देत आणि संगीत फुकट ऐकत. १७३३ साली एका राणीच्या वाढदिवसासाठी त्याने जे संगीत लिहिले, त्याचाच मोठा भाग पुढच्या वर्षी नाताळच्या ओरातोरियोत आला, आणि आज ते ऐकताना कोणाला राणी आठवत नाही. बाख लुथरन होता हे आम्हाला माहीत आहे. सही करणाऱ्यांपैकी एकांनी ते लगेच निदर्शनास आणून दिले. कॅथलिक दाखला हवा असेल तर 'लोम आर्मे' घ्या. ते शस्त्रधारी माणसाविषयीचे एक फ्रेंच लौकिक गाणे, रस्त्यावरचे. त्या चालीवर पंधराव्या-सोळाव्या शतकांत चाळीसहून अधिक मिस्सा रचले गेले. त्यांत दुफाय आहे, जोस्कँ आहे, आणि ज्याला आपण पवित्र संगीताचा आदर्श मानतो तो पालेस्त्रिनाही आहे. त्याने तर एकाच चालीवर दोनदा मिस्सा लिहिला.

आणि आपलेच सांगायचे तर फादर थॉमस स्टीफन्स. १५७९ मध्ये गोव्यात आलेल्या या इंग्रज जेज्वीटाने १६१६ साली राशोलला 'क्रिस्तपुराण' छापले ते ओवीत. ओवी तेव्हा चर्चची नव्हती, ती जात्यावरची होती, पुराणिकांची होती. लॅटिनमध्ये वाढलेल्या एखाद्या कॅननला ती नक्कीच खटकली असणार. तरी ते पुराण गोव्यातल्या चर्चमधून वाचले आणि गायले गेले. पुढे १६८४ साली व्हाइसरॉयने स्थानिक भाषांवर बंदीचा हुकूम काढला. मराठी ख्रिस्ती मंडळींनी स्टीफन्सच्या बाजूने उभे राहायचे की त्या हुकुमाच्या, हे ठरवायला फार विचार लागू नये.

पण ठरावाचा मुद्दा संगीत नाही, दारू आहे, असे आम्हाला सांगितले जाते. मग दारूविषयीच बोलू.

दारूने काय होते ते कॅटेकिस्टला कोणी शिकवायला नको. प्रथम कम्युनियनच्या वर्गातली मुले आम्हाला त्यांच्या घरांची माहिती न विचारता देतात. चित्रात बाबा काढायला सांगितले की काही मुले बाबांना झोपलेलेच काढतात. पगाराचे पैसे तांदळाच्या डब्यात लपवणाऱ्या बहिणी आमच्याच वॉर्डात आहेत. चाळिशीतल्या माणसांच्या अंत्यविधीला गायनवृंद बोलावला आहे, एकदा नाही, अनेकदा. आणि तेव्हा तासाभरात कामावरून निघून हीच चार मुले आली आहेत. त्या घरांत जी दारू जाते ती काचेच्या भिंतीमागे आंबवलेली, महागड्या ग्लासातली बिअर नसते. ती कोपऱ्यावरच्या दुकानातल्या नव्वद मिलीच्या कागदी पाकिटातली असते. ती सकाळी प्यायली जाते, एकट्याने, आणि तिच्यासोबत कोणतेही गाणे नसते. त्या दुकानाविषयी कौन्सिलने आजवर एकही ठराव केलेला नाही. अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसच्या गटाने आठवड्यातून एक संध्याकाळ हॉल मागितला होता, तेव्हा हॉल बॅडमिंटनसाठी दिलेला आहे असे उत्तर गेले. तो अर्ज अजून फाइलीत आहे. ज्यांना दारूशी लढायचे आहे त्यांनी तिथून सुरुवात करावी. आम्ही खुर्च्या लावायला येऊ.

बिअर ही वस्तूच अपवित्र, असे मात्र आपल्या चर्चने कधी म्हटलेले नाही. संत बेनेडिक्टने सहाव्या शतकात मठवासीयांसाठी जी नियमावली लिहिली तिच्या ४० व्या अध्यायात द्राक्षारसाचे रोजचे माप ठरवून दिले आहे. संन्याशांनी पिऊच नये असे त्याला वाटते, पण ते कोणाला पटणार नाही हेही तो जाणतो, म्हणून निदान पोटभर पिऊ नये असे सांगून पुढे जातो. इतका समंजस अध्याय क्वचित वाचायला मिळतो. बेल्जियममधल्या वेस्टव्लेटरन, शिमे, ऑर्व्हाल या मठांच्या बिअरला आज जगात मान आहे, आणि तिच्यातून मठांचा खर्च व दानधर्म चालतो. रोमन रिच्युअल या आशीर्वादांच्या ग्रंथात बिअरसाठीही प्रार्थना आहे. आणि प्रभूने काना गावच्या लग्नात सहा रांजण पाण्याचा द्राक्षारस केला तेव्हा पाहुणे आधीच प्यालेले होते, हे योहानाने लपवून ठेवलेले नाही. लूक ७ मध्ये त्याच प्रभूला लोकांनी खादाड आणि दारूबाज ठरवले आहे, तो भलत्यांच्या पंगतीला बसतो म्हणून. तो आरोप करणारे त्या गावातले सभ्य लोकच होते.

पिऊन झिंगणे हे पाप आहे. त्यात आम्हाला वाद नाही. कॅथलिक कॅटेकिझमचा परिच्छेद २२९० संयमाविषयी आहे आणि तो फार व्यवहारी आहे: दारूच्या नशेत किंवा वेगाच्या हौसेने जे रस्त्यावर स्वतःचा आणि दुसऱ्यांचा जीव धोक्यात घालतात त्यांचा दोष गंभीर आहे, असे तिथे स्पष्ट म्हटले आहे. चोर्ला घाट पावसाळ्यात रात्री बारा वाजता कसा असतो ते बेळगावात कोणाला सांगायला नको. पुढचा ट्रक दिव्यांवरून ओळखावा लागतो, आणि धुके उतरले की तेही दिवे जातात. म्हणून आम्ही मुलांना एकच प्रश्न विचारला, गाडी कोण चालवतो? गिटारवाला चालवतो. तो संध्याकाळभर लिंबूसोडा पितो, आणि बाकीचे त्याच्या वासाची तपासणी करतात, थट्टेने का होईना. आमच्या लग्नांच्या रिसेप्शनमधून रात्री परतणाऱ्या किती गाड्यांची अशी तपासणी होते?

आता लग्नांचा विषय निघालाच आहे. टोस्ट म्हणताना हॉलमध्ये सगळे उभे राहतात, ग्लास उंचावतात, आणि मंचावर बँड वाजत असतो. बँड कोणाचा? याच चौघांचा. गेल्या फेस्ताच्या रात्री हॉलच्या मागच्या बाजूला पडदा लावून एक टेबल मांडलेले होते. त्यावर काय होते ते आम्ही लिहीत नाही, पण ज्यांनी तिथे चकरा मारल्या त्यांच्यातल्या तिघांच्या सह्या ठरावावर आहेत, आणि ते त्या रात्री नाचले ते याच मुलांच्या गाण्यावर. तेव्हा ती जागा मद्याची नव्हती? की आपण प्यायलो तर पाहुणचार आणि परक्याने विकली तर मद्यविक्री?

एक आक्षेप मात्र खरा आहे आणि तो आम्ही टाळणार नाही. करिंथच्या पहिल्या पत्राचा आठवा अध्याय. मूर्तींना वाहिलेले मांस बाजारात विकले जाई. काही भाविक ते निःशंकपणे खात, काहींचा विवेक त्याने दुखावे. पौल म्हणतो की माझ्या खाण्याने माझा भाऊ अडखळणार असेल तर मी मांस कधीच खाणार नाही. ठरावाच्या बाजूचे लोक हाच अध्याय वाचून दाखवतात. वाचावा, पण दोन पाने पुढेही जावे. दहाव्या अध्यायात तोच पौल सांगतो की बाजारात जे मिळते ते चौकशी करत न बसता घ्या, आणि परक्याने जेवायला बोलावले तर जा आणि वाढलेले खा. अडखळणाऱ्या भावासाठी पौल स्वतःचे ताट बाजूला सारतो. कसायाचे नाव मंडळीतून काढा असे तो कुठे म्हणत नाही.

आणि अडखळणारा भाऊ आमच्यात आहे, कल्पनेतला नाही. गायनवृंदात खालच्या पट्टीत गाणारे एक गृहस्थ चौदा महिन्यांपासून दारूला शिवलेले नाहीत. हे त्यांच्या परवानगीने लिहितो. त्यांचा आवाज गोव्याच्या कार्यक्रमात शोभला असता, आणि त्यांनी येतो म्हणून विचारलेही होते. या चार मुलांनीच त्यांना नाही म्हटले. "काका, तुम्ही रविवारी या, तिकडे नको," एवढेच. कोणत्याही ठरावाशिवाय. पौलाचा आठवा अध्याय त्यांनी वाचला होता की नाही, आम्ही विचारले नाही.

आता ज्या गोष्टीमुळे आम्हाला लिहायला बसणे भाग पडले ती. ही तीन मुले दोन वर्षे गोव्याला जात होती. कौन्सिलला ते माहीत होते, फेसबुकवर फोटो होते, काहींनी खाली अंगठेही दिले होते. ठराव आला नाही. मुलगी जानेवारीत त्यांच्यात सामील झाली. ठराव मार्चमध्ये आला. तिच्या आईला बाजारात गाठून दोघींनी विचारले की मुलीला रात्री कुठे पाठवता, आणि लग्नाचे काय करणार. मुलांच्या आयांना कोणी गाठले नाही. ठरावात 'व्यक्ती' असा शब्द वापरला आहे, मोठा निःपक्षपाती शब्द, पण तारखा पाहिल्या की ती व्यक्ती कोण ते कळते.

आम्हाला कोणी पोप संत पायस दहावे यांचा दाखला देईल म्हणून आधीच सांगतो. २२ नोव्हेंबर १९०३ रोजी, संत सिसिलियाच्या दिवशी, त्यांनी पवित्र संगीताविषयी जो आदेश काढला त्यात गायनवृंदात शीलवान आणि भक्तिमान माणसेच घ्यावीत असे आहे. खरे आहे. त्याच आदेशात स्त्रियांना गायनवृंदात घेता येणार नाही असेही आहे, आणि चर्चमध्ये पियानो व ढोल-झांजा नकोत असेही आहे. १९५५ मध्ये पोप पायस बारावे यांनी स्त्रियांना वाट मोकळी केली, आणि १९६३ मध्ये दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने स्थानिक लोकांच्या संगीतपरंपरेला मान देऊन इतर वाद्यांनाही दार उघडले. आमच्या माडीवर आज तबला आहे तो त्या दारातून आला. १९०३ चा आदेश ज्यांना हवा आहे त्यांनी तो पूर्ण घ्यावा: तबला खाली उतरवावा, कीबोर्ड विकावा, आणि गायनवृंदातल्या एकूण एक स्त्रियांना घरी पाठवावे, स्वतःच्या पत्नीपासून सुरुवात करून. त्यातले एकच वाक्य उचलून एका बावीस वर्षांच्या मुलीवर रोखणे याला आम्ही भक्ती म्हणणार नाही.

ती मुलगी तिथे काय मिळवते तेही ऐका. चौघांना मिळून सहा हजार रुपये, पेट्रोल त्यातूनच. वर प्रत्येकाला बिअरची दोन कूपने. ती कूपने परत देते आणि त्याऐवजी जेवण मागते, ते मिळत नाही. कार्यक्रमाच्या पत्रकावर कलाकारांची नावे बिअरच्या नावांपेक्षा बारीक अक्षरांत असतात. स्थानिक संगीताला व्यासपीठ देतो असे म्हणणाऱ्या जागेने स्थानिक मुलीला रात्री साडेदहाला एक ताट भात द्यायला हरकत नसावी. त्या मालकांशीही आमचे भांडण आहे, आणि मुलांना आम्ही सांगितले आहे की जेवण आधी ठरवून घ्या, मग आवाज लावा.

पण ब्रुअरीला नावे ठेवण्याआधी आपला हिशेब. रविवारी सात आणि नऊ असे दोन मिस्सा, प्रायश्चित्तकाळातले शुक्रवार, नोव्हेना, अंत्यविधी, बिशपांची भेट. या सगळ्याबद्दल गायनवृंदाला वर्षाकाठी नाताळचा एक केक आणि "देव तुमचे भले करो" मिळते. गिटारच्या तारा मुले स्वतः आणतात. मायक्रोफोनची वायर गेल्या पावसाळ्यापासून चिकटपट्टीवर चालू आहे. फेस्ताच्या मंडपाला आणि फुलांना किती गेले ते सूचनाफलकावर लावलेले होते, म्हणून आम्ही तो आकडा इथे देत नाही. संगीत म्हणजे सेवा, सेवेचे पैसे नसतात, असे सांगणारे लोक मंडपवाल्याला सेवा करायला सांगत नाहीत. काम करणाऱ्याला त्याचे वेतन मिळावे हे प्रभूने शिष्यांना पाठवतानाच सांगून ठेवले आहे (लूक १०:७). ते त्यांना घरोघर जेवायला सांगताना म्हटले आहे, हेही लक्षात घ्यावे. जेवणाचा विषय तिथेही होता.

एका बाबतीत ठराववाल्यांची तक्रार आम्हाला मान्य आहे. गेल्या पास्काच्या रात्री 'ग्लोरिया' संपताना गिटारवाल्याने जी लांबलचक करामत केली ती आम्हालाही खटकली. घंटा वाजत होत्या, लोक मेणबत्त्या घेऊन उभे होते, आणि हा टाळ्यांची वाट पाहत असल्यासारखा थांबला. स्तोत्र गातानाही कधीकधी ती मुलगी शब्दाच्या शेवटी आवाज असा वळवते की दावीद राजाऐवजी तीच डोळ्यांपुढे येते. मंचाची सवय माडीवर येते, हे खोटे नाही. आम्ही दोघांनाही बोललो. गिटारवाला हसला आणि पुढच्या रविवारी सरळ वाजवले. मुलीने वाद घातला, मग आठवडाभराने येऊन विचारले की स्तोत्र वाचताना आपण श्वास कुठे घेता. हा प्रश्न आम्हाला पंधरा वर्षांत कोणी विचारला नव्हता. अशी दुरुस्ती तालमीत होते, त्यासाठी कोणीतरी गुरुवारी संध्याकाळी माडीवर हजर राहावे लागते. अकरा सह्यांपैकी कोणी आजवर तालमीला आलेले नाही. जिन्याच्या पायऱ्या उंच आहेत हे कारण दोघांना लागू आहे, बाकी नऊ जणांना नाही.

आणि या चौघांना वगळले तर काय होईल ते सरळ सांगतो. सातच्या मिस्साला गाणारे उरतात पाच, त्यांतले तिघे साठीच्या पुढचे. वाजवणारा कोणी नाही. दोन रविवार आपण मोठ्या मनाने वाद्याशिवाय गाऊ, तिसऱ्या रविवारी कोणीतरी मोबाइलवरून कराओके लावेल. ही चार मुले शनिवारी गोव्याला जातच राहतील, फक्त रविवारी पहाटे परत यायची घाई त्यांना राहणार नाही. आज ती रात्री एक-दीडला घरी पोचतात आणि पावणेसातला माडीवर असतात. त्यांच्या वयाची पॅरिशमधली किती मुले सातच्या मिस्साला दिसतात, हे बाकावर बसलेल्या प्रत्येकाने मान वळवून मोजावे.

आमच्याकडून बैठकीत एवढे मांडले जाईल: ठराव मागे घ्यावा, गायनवृंदासाठी वर्षाला ठरावीक रक्कम बाजूला काढावी आणि ती सूचनाफलकावर मंडपाच्या शेजारी लिहावी, अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसच्या गटाला गुरुवारचा हॉल द्यावा, बॅडमिंटन बुधवारी खेळता येते. मुलीच्या आईला ज्या दोघी बाजारात बोलल्या त्यांनी तिच्या घरी जाऊन यावे, हे बैठकीत मांडता येणार नाही, म्हणून इथे लिहितो.

बैठक येत्या रविवारी नऊच्या मिस्सानंतर हॉलमध्ये आहे आणि ती सगळ्यांसाठी खुली आहे. चौघेही येणार आहेत. आदल्या रात्री त्यांचा गोव्यात कार्यक्रम आहे, त्यामुळे अकरापर्यंत पेंगायला लागतील. त्यांचे गाणे ज्यांना ऐकून मग मत द्यायचे आहे त्यांनी सातलाच यावे.